जर्मनीचा १९९० चा शर्ट खरंच भारी, की जिंकले म्हणून भारी?

पार्कमैदान
आमच्या रविवारच्या टर्फ फुटबॉल टीमला नवे जर्सी शिवायचेत. एकमताने ठरलं: पश्चिम जर्मनीने १९९० चा वर्ल्ड कप जिंकला तो. एकमताने म्हणजे चौघं गप्प बसले. त्यातल्या एकाने रात्री मेसेज टाकला, "जिंकले म्हणून कौतुक. हरले असते तर त्या शर्टाने आज कुणी गाडी पुसली नसती." म्हणून हा धागा.

माझं मत सांगतो. देशाच्या संघाच्या शर्टावर इतकं डोकं दुसरीकडे कुठेच लागलेलं नाही. १९५४ चा वर्ल्ड कप बर्नमध्ये जिंकले तो पांढरा, गळ्याला नाडी. १९७४ ला म्युनिकमध्ये जिंकले तोही पांढरा, गोल काळा गळा. झेंड्याचे रंग असलेच तर किनारीपुरते. मग १९८८ च्या युरोला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला, इना फ्रान्झमान या डिझायनरने काळा, लाल, सोनेरी पट्टा थेट छातीवर आणला. तोसुद्धा झेंड्यासारखा सरळसोट नाही, कोनाकोनात मोडत वरखाली जाणारा. बाकी शर्ट पांढराच ठेवला. तोच शर्ट १९९० ला. धुरकट जुन्या चित्रीकरणातही संघ लांबून ओळखू येतो तो त्या पट्ट्यामुळे. त्यानंतर अदिदास तेच दळण दळतेय. १९९४ ला शंकरपाळ्या केल्या, २०१८ ला तीच रेघ करड्या रंगात काढली. जुन्याची सर कशालाच नाही.

कडकभाकरी
स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलास की बे. १९९४ च्या शंकरपाळ्या का आवडत नाहीत? बल्गेरियाने क्वार्टर फायनलला २-१ ने घरी पाठवलं म्हणून. २०१८ ची करडी रेघ का नको? साखळीतच तळाला गेले म्हणून. मात्सियासनं कप उचलला असता तर तूच आज शंकरपाळ्यांवर निबंध लिहिला असतास. आणि १९९० ची फायनल बघितलीस का पूर्ण? मी बघितली. झोप येते. ८५ व्या मिनिटाला ब्रेमेची पेनल्टी, १-०, खेळ खलास. त्या मॅचमध्ये लक्षात ठेवण्यासारखा शर्टच होता, हे मात्र मान्य.

पार्कमैदान
मात्सियास नाही, मॅथेउस. कप्तान लोथार मॅथेउस.
आता तुझ्या नियमानेच बोलू. १९९६ चा युरो जिंकले, वेम्बलीवर बिअरहॉफचा गोल्डन गोल. त्या शर्टाचं चित्र मोबाईल न बघता काढून दाखव. नाही येणार. उलट १९८६ चा डेन्मार्कचा हुमेल कंपनीचा अर्धा-अर्धा शर्ट बघ. स्पेनने ५-१ ने धुतलं, तरी आजही लोक तो शोधून शोधून घेतात. जिंकण्यावरच सगळं असतं तर हे उलटं झालं असतं.

कडकभाकरी
डेन्मार्कचा शर्ट आपल्यातल्या कितीजणांनी तेव्हा बघितला? नंतर कुणीतरी 'सर्वोत्तम दहा' अशी यादी केली आणि आपण माना डोलावल्या. आणि एक राहिलं. १९९० च्या सेमीफायनलला तुरिनमध्ये इंग्लंडसमोर जर्मनी कुठल्या रंगात होती? हिरव्या. तुझा पट्टा त्या दिवशी बॅगेत होता. खरी मॅच तीच.

सात_रस्ता
तुम्ही दोघं मुद्द्यालाच हात घालेनात. त्या पट्ट्यामागे इतिहास आहे. बर्लिनची भिंत पडली, दोन्ही जर्मनी एक झाल्या, त्याची ती मोडत मोडत जाणारी रेघ. आणि हिरवा शर्ट आयर्लंडच्या आभाराचा. युद्धानंतर जर्मनीशी कुणी खेळायला तयार नव्हतं, तेव्हा आयर्लंड पहिलं पुढे आलं.

बाराबंदी
दोन्ही गोष्टी आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत ऐकाव्यात अशा आहेत. शर्ट आला १९८८ ला, भिंत पडली नोव्हेंबर १९८९ ला, एकीकरण झालं ३ ऑक्टोबर १९९० ला. कप उचलला त्या जुलैत संघ पश्चिम जर्मनीचाच होता. पूर्वेचा वेगळा संघ निळ्या-पांढऱ्यात खेळायचा. रेघ काढणारीला पुढचं काय माहीत असणार? लोकांनी तो अर्थ मागाहून चिकटवला. आणि युद्धानंतर पहिली मॅच झाली स्वित्झर्लंडशी, नोव्हेंबर १९५० मध्ये श्टुटगार्टला. हिरवा रंग त्यांच्या फुटबॉल संघटनेचा, म्हणजे डीएफबीचा. पांढरा-काळा प्रशियाचा, म्हणजे जुन्या जर्मन राज्याचा.

माझं मत या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. मूळ पांढराच खरा शर्ट. गड्ड्याला नंदीध्वजाबरोबर हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत निघतात. तिचं डिझाइन दर दोन वर्षांनी कुणी बदलत नाही. म्हणूनच ती बाराबंदी आहे. देशाच्या संघाचा शर्टही तसाच असावा. १९७४ च्या शर्टावर अदिदासच्या तीन पट्ट्यासुद्धा नव्हत्या, तो एरिमा कंपनीचा होता. छातीवर फक्त गरुड.

सात_रस्ता
आयर्लंडचं आमच्या सरांनी सांगितलं होतं. असो. पण लोकांनी अर्थ मागाहून चिकटवला तर बिघडलं काय? शर्ट छापून झाल्यावरच घातला जातो. अर्थही घातल्यावरच येणार.

मुंढा_कॉलर
मी अक्कलकोट रोडला गारमेंटमध्ये आहे. शाळेचे युनिफॉर्म आमचा मुख्य धंदा, सुट्टीत जर्सी. तुम्ही सगळे चित्रावर भांडायलाय, कापडावर कुणीच नाही.

जर्सीचं प्रिंटिंग म्हणजे सब्लिमेशन. डिझाइन आधी कागदावर उलटं छापायचं, तो कागद पॉलिएस्टरवर ठेवून दोनशे अंशाच्या आसपास दाबायचा. शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. वरून थर बसत नाही, म्हणून बोट फिरवलं तरी काही लागत नाही. सुती कापडावर हे टिकत नाही. त्यामुळे १९५४ च्या सुती शर्टावर असली रेघ कुणाला सुचली असती तरी निघाली नसती. आणि या प्रकारात पांढरी शाईच नसते. पांढरं दिसतं ते कोरं कापड. म्हणजे बाराबंदीसाहेब, तुमचा मूळ पांढरा त्या शर्टात गेलेला नाही, सगळा शिल्लक आहे.

आता पार्कमैदान, तुमच्या ऑर्डरबद्दल. कुणीतरी स्वस्तात डॉटनिट कापडावर करून देतो म्हणेल. तीन गोष्टी बघून घ्या. उष्णता कमी पडली की काळा तपकिरी दिसतो, आणि तुमच्या पट्ट्यात काळा सगळ्यात वर आहे. दुसरं, एकच डिझाइन स्मॉलपासून डबल एक्सएलपर्यंत नुसतं ताणलं की रेघेचे कोन बदलतात, मुंढ्याच्या शिवणीपाशी पट्टा कुठेही जाऊन आदळतो. प्रत्येक साइजला वेगळं मांडून घ्या. तिसरं, गळ्याची रिब, म्हणजे ताणणारी पट्टी, वेगळ्या गठ्ठ्यातली असेल तर तिचा पांढरा निळसर दिसतो. पहिला पीस दिवसाउजेडी बघा, ट्यूबलाइटखाली नको. हे तिन्ही नीट झालं तर शर्ट भारी. मग जिंका नाहीतर हरा.

कडकभाकरी
जिंकायचं राहू द्या, यांची टीम अकरा पोरं जमवू शकत नाही.

शेंगाचटणी
सगळे काकालोक जमलेत असं वाटायलंय. २०२४ च्या गुलाबी-जांभळ्या शर्टाचं कुणी नावही काढेना. आधी किती बोंब मारली लोकांनी, हा जर्मनीचा रंगच नाही म्हणून. मार्चमध्ये फ्रँकफर्टला तो घालून नेदरलँड्सला २-१ ने हरवलं आणि पुढे तो धडाधड खपला. जर्मनीच्या दुसऱ्या शर्टांत इतका कुठलाच विकला गेला नव्हता, असं खुद्द कंपनीनेच सांगितलं. युरोत स्पेनकडून क्वार्टर फायनलला हरले, तरी शर्ट उतरला नाही. कॉलेजात मुली घालतात, ज्यांना ऑफसाइडही माहीत नाही. देशाचा झेंडा छातीवर नसताना शर्ट आवडू शकतो, हे मान्य करायला इतका त्रास का?

पार्कमैदान
आवडू शकतो. पण तो शर्ट जर्मनीचा आहे हे सांगायला गरुडाचं चिन्ह लागतं. चिन्ह झाकलं तर सायकल क्लबचा वाटेल. १९९० चा झाकून दाखव.

शेंगाचटणी
मग आपल्या भारताच्या फुटबॉल संघाचा दाखवा झाकून. कंपनी आधी नाइकी होती, मग सिक्सफाइव्हसिक्स, मग परफॉर्मॅक्स. निळा सोडून एकाचं तरी डिझाइन आठवतंय?

पार्कमैदान
नाही आठवत. तेच तर म्हणतोय! छातीवर राहील अशी रेघ आपल्याकडे कुणी काढलीच नाही.

बाराबंदी
मग आता खरी परीक्षा ऐका. २०२७ पासून जर्मनी अदिदास सोडून नाइकीकडे जाणार आहे, करार २०३४ पर्यंतचा. २०२४ ला बातमी आली तेव्हा त्यांचे तेव्हाचे अर्थव्यवहार मंत्री हाबेकसुद्धा नाराज झाले, तीन पट्ट्यांशिवाय जर्मन शर्टाची कल्पना करवत नाही म्हणाले. म्हणजे मंत्र्याला शर्ट आठवतो तो कंपनीच्या खुणेवरून. तो छातीवरचा पट्टा अदिदासच्या नोकरीतल्या बाईंनी काढलेला. नाइकी तो वापरेल का? मला नाही वाटत. पांढरं मात्र कुणालाही वापरता येतं.

पार्कमैदान
काळा, लाल, सोनेरी ही काय अदिदासची मालमत्ता नाही. नाइकीने तोच पट्टा नाही काढला तरी झेंडा मोडून छातीवर आणायची कल्पना सोडणार नाहीत, बघा तुम्ही.

कडकभाकरी
आणि नाइकीच्या शर्टात कप जिंकले, तर तू २०५० ला धागा काढशील: नाइकीचाच खरा.

मुंढा_कॉलर
भांडण चालू द्या. पार्कमैदान, साइजची यादी शनिवारपर्यंत पाठवा, पुढच्या आठवड्यापासून शाळांची ऑर्डर लागतेय, मग मशीन रिकामं मिळणार नाही. आणि जे चौघं गप्प बसले त्यांचीही साइज विचारून घ्या.