प्रतिसाद : मोबाईल वाचून दाखवतो, मग पोरगं वाचायला कधी शिकणार?

वर एका ताईंची शंका आहे की मोबाईलनेच धडा वाचून दाखवला, तर डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही अक्षरं वाचताना अडखळणं) असलेला मुलगा स्वतः वाचायचा कंटाळा करेल. आमच्या तासगावकडच्या शाळेत आम्ही दोन्ही कामं वेगळी ठेवतो. इतिहास, विज्ञान खुशाल ऐकू द्या. तिथे विषय कळण्याशी मतलब. मराठीच्या तासाला मात्र अक्षर आणि आवाज यांची जोडी रोज थोडी थोडी घटवून घ्यायचीच. रफार आणि पहिली वेलांटी जास्त छळतात. वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर!

अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'सिलेक्ट टू स्पीक' आहे, ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. आवाज मराठी निवडा, वेग कमी करा आणि मुलाचं बोट ओळीवर हवंच, नाहीतर ते नुसतं रेडिओ ऐकणं होतं. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ असेल तर मोबाईल भलतंच बरळतो. अशा वेळी पानाचा फोटो काढून गूगल लेन्सने मजकूर उचलावा, जोडाक्षरं एकदा तपासावीत.

बाकी, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता येते. परीक्षेतल्या जादा वेळेसाठी प्रमाणपत्र लागतं, ते दहावीच्या तोंडावर नको, आत्ताच बघा.