आंबट बेल्जियन बिअर: बिघडलेली की मुरलेली?

प्रश्न

नमस्कार. ब्रुसेल्सला नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाने इंदूरला येताना पारंपरिक गूझ प्रकारच्या बिअरच्या दोन बाटल्या आणल्या होत्या, त्यांपैकी एक आम्ही नुकतीच घरी उघडली. जाड बूच आणि त्यावर तारेची जाळी होती. बूच निघताच बारीक, पांढरा फेस बाटलीच्या तोंडाशी आला आणि पाठोपाठ ओल्या चामड्याचा, तबेल्यातल्या गवताचा म्हणावा असा वास सुटला. रंग सोनेरी आणि किंचित गढूळ. कडवटपणा जवळजवळ नाही, पण आंबटपणा असा की पहिल्याच घोटाला जबडा आवळला गेला. पुण्याच्या एका मायक्रोब्रुअरीत मी कोकम घातलेली आंबट बिअर प्यायलो होतो. तिची चव सरळ होती आणि लगेच विरली, हिची मात्र घोट उतरल्यावरही बराच वेळ बदलत राहिली. घरच्यांच्या मते बाटली प्रवासात बिघडली असावी. जाणकारांनी कृपया सांगावे: हे खरे आहे का, आणि उरलेली बाटली कशी ठेवावी व कशाबरोबर प्यावी?

पहिला प्रतिसाद

आपल्या वर्णनावरून तरी बाटली बिघडलेली वाटत नाही. ज्या वासाने घरच्यांना शंका आली तो ब्रेटानोमायसीस या यीस्टचा आहे. कार्ल्सबर्ग या डॅनिश ब्रुअरीतील संशोधक क्लॉसेन यांनी १९०४ साली इंग्लिश बिअरच्या अभ्यासातून त्याला हे नाव दिले. बहुतेक ब्रुअरींत हे यीस्ट शिरू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतात. ब्रुसेल्स आणि त्याच्या पश्चिमेकडील पायोटेनलँड भागात मात्र त्याच्यावाचून बिअर पुरी होत नाही.

गूझ ज्यापासून बनते त्या लॅम्बिकमध्ये मोड आणलेल्या जवाबरोबर साधारण एक तृतीयांश कच्चा गहू असतो, आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुले) मुद्दाम दोन-तीन वर्षे जुने वापरतात, कारण तेथे त्यांचा कडवटपणा नको असतो, फक्त टिकवण्याची शक्ती हवी असते. धान्याचा उकळलेला रस छपराखालच्या उथळ, पसरट भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात. बाहेरून यीस्ट घालत नाहीत. हवेतून आणि पुढे लाकडी पिंपांतून जे सूक्ष्मजीव येतील त्यांच्यावरच सारा भरवसा असतो, म्हणून हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या थंड महिन्यांतच चालते. साधे यीस्ट पहिल्या काही महिन्यांत बरीचशी साखर संपवते, मग जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि उरलेले रेंगाळणारे काम ब्रेटानोमायसीस करते. शेवटी एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिकचे मिश्रण बाटलीत भरतात. कोवळ्या भागात थोडी साखर शिल्लक असल्यामुळे बाटलीत पुन्हा आंबवण होते. आपण पाहिलेला फेस त्यातूनच आला. पुष्कळ मायक्रोब्रुअरींत भट्टीच्या भांड्यातच लॅक्टोबॅसिलस हे लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू घालून एक-दोन दिवसांत रस आंबवतात आणि उकळून ती क्रिया थांबवतात. ती पद्धत प्रामाणिक आहे, पण तिच्यातून एकपदरी आंबटपणाच मिळतो, आणि कोकमाच्या बिअरशी जाणवलेला फरक बहुधा हाच असावा.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी सहमत आहे, तरी आंबट म्हणजे सारेच क्षम्य, असे समजू नये. गूझमध्ये लॅक्टिक आम्ल मुख्य असते. प्याला जवळ नेताच व्हिनेगर नाकात झोंबले किंवा नेलपॉलिशसारखा वास आला, तर पिंपात हवा जास्त गेली असे मी म्हणेन. बेल्जियममधल्याच फ्लँडर्स भागाच्या लाल-तपकिरी बिअरला मात्र हा निकष लावता येत नाही. रूसेलार येथील रोडनबाख ही १८२१ साली सुरू झालेली ब्रुअरी आपली बिअर उंच, उभ्या ओक पिंपांत सुमारे दोन वर्षे मुरवते. तेथे व्हिनेगरची हलकी धार हवीच असते, कारण माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोडवा तिला पेलून धरतो. चेरीच्या नावाखाली साखर ओतलेल्या बाटल्या मिळतात, त्यांची मला खंत वाटते: पारंपरिक क्रीकमध्ये, म्हणजे चेरीच्या लॅम्बिकमध्ये, आंबट चेरी कित्येक महिने मुरतात आणि चव कोरडीच राहते.

ठेवण्याविषयी: आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बाटली कपाटात न ठेवता फ्रिजमध्येच ठेवावी. उघडण्यापूर्वी एक-दोन दिवस ती उभी ठेवल्यास गाळ तळाशी बसतो. पिताना तापमान दहा-बारा अंश असावे. बर्फगार प्यायल्यास सुगंध मिटतो आणि नुसते आम्ल लागते. बाटली तिरकी धरून सर्व प्याले एकाच ओघात भरावेत, कारण ती पुन्हा उभी केली की गाळ ढवळला जातो.

तिसरा प्रतिसाद

खाण्याबद्दल थोडे लिहितो. ब्रुसेल्समध्ये गूझबरोबर पाव, ताजे मऊ चीज आणि मुळा घेतात, म्हणजे सौम्य, स्निग्ध आणि किंचित खारट असे काही. तिखटाशी मात्र तिचे जमत नाही. फेस आणि आम्ल मिळून मिरचीची आग वाढवतात, त्यामुळे लवंग घातलेली तिखट लौंग शेव मी तरी समोर ठेवणार नाही. हिवाळ्यापर्यंत बाटली राखता आली तर इंदूरच्या सराफा बाजारातला तळलेला गराडू (एक कंद) उत्तम, फक्त जिरावण हा चटपटीत मसाला बेताने घालायला सांगावे आणि वरून लिंबू पिळू देऊ नये. एरवी दूध-तुपात शिजवलेला, मिरची कमी घातलेला भुट्ट्याचा कीस करून पाहावा: त्यातला स्निग्धपणा आम्लाने कापला जातो आणि मक्याची गोडी वर येते. पहिले दोन घोट मात्र काहीही न खाताच घ्यावेत.