मदत हवी आहे: स्वाइन फ्लूच्या न्यूमोनियावर स्टेम सेल घ्यावेत का?

माझे मामा (वय ५२) स्वाइन फ्लूच्या न्यूमोनियाने आयसीयूत आहेत. व्हेंटिलेटर लावलाय, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसतात, डॉक्टर एआरडीएस (फुप्फुसांना तीव्र सूज येऊन ऑक्सिजन कमी पडणं) म्हणतात. ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध चालू आहे, रोज बरेच तास पालथं झोपवतात. तिथल्या उपचारांबद्दल काहीच तक्रार नाही.

ओळखीतून एका खासगी स्टेम सेल सेंटरचा माणूस मामीला भेटला. नाळेतल्या पेशी सलाईनमधून द्यायच्या, फुप्फुसं नवी होतात, असं सांगतोय. खर्च लाखांत. मामी दागिने मोडायला निघाली आहे, आणि घरात सायन्सवाली मीच म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत.

जमेल तेवढं वाचलं. या पेशी (मेसेन्कायमल नावाच्या स्टेम सेल) शिरेतून दिल्या की बऱ्याचशा फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांतच अडकतात आणि थोडा काळ टिकून दाह आटोक्यात आणणारी द्रव्यं सोडतात. नवं फुप्फुस त्यातून तयार होत नाही. मग तो माणूस असं का सांगतोय?

मामीला त्याने चीनमधला पेपर दाखवलाय: एच७एन९ बर्ड फ्लूच्या १७ रुग्णांना पेशी दिल्या, मृत्यू १७.६ टक्के, न दिलेल्या ४४ जणांत ५४.५ टक्के. आकडे बघून माझेही डोळे भरून आले. पण कोविडच्या एआरडीएसवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून. ३०० रुग्ण घ्यायचे होते, डिसेंबर २०२० मध्ये २२२ वरच भरती थांबवली. ३० दिवसांतले मृत्यू पेशी दिलेल्यांत ३७.५ आणि न दिलेल्यांत ४२.७ टक्के, म्हणजे फरक योगायोगानेही पडू शकेल एवढाच. फ्लूसाठी यातलं काय धरायचं? आणि भारतात अशी खरी ट्रायल चालू आहे का, हे कुठे बघायचं? उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

प्रतिसाद:
ताई, पैसे देऊ नका. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या आजारांतलं बोन मॅरो प्रत्यारोपण वगळता स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच देता येतात, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून त्यासाठी पैसे घेत नाहीत. त्या माणसाकडे सीटीआरआय (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. दिला तर सीटीआरआयच्या साइटवर स्वतः उघडून बघा: आजार कोणता लिहिलाय, कोणतं हॉस्पिटल, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का. मणक्याच्या किंवा गुडघ्याच्या ट्रायलचा क्रमांक इथे चालणार नाही.

तो १७ जणांचा अभ्यास आशा वाटावी असा आहे, पण त्यात गट चिठ्ठीने पाडले नव्हते. त्यामुळे कोण आधीच जास्त खालावलेलं होतं, याचा परिणाम वेगळा काढता येत नाही. मामांना पेशींसाठी दुसरीकडे हलवणं तर मुळीच नको, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला प्रवासच जड जातो. त्यापेक्षा आयसीयूच्या डॉक्टरांना एक्मोबद्दल (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणारं यंत्र) विचारा, आणि तेव्हा मामींना शेजारी बसवा. नकार तुमच्या तोंडून येण्यापेक्षा त्यांच्याकडून ऐकला तर त्यांना सोसेल.

क्रमांक मिळाला तर इथे टाका, मी आज रात्री जागीच आहे, वाचून सांगते.