मदत हवी आहे : मुलीच्या कंपाउंड धनुष्यासाठी बाण कोणते घ्यावेत?

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्याचे. २०२३ ला आपल्या अदिती स्वामीने बर्लिनमध्ये जागतिक सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून लेकीनं कंपाउंडचाच (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचा) ध्यास घेतलाय. ऐपतीप्रमाणे जुनं धनुष्य घेतलं. ड्रॉ लेंथ (दोरी मागे ओढायचं अंतर) २६ इंच, ओढायचं वजन ४५ पौंड.

अडचण बाणांची आहे. धनुष्यासोबत आले ते परदेशात शिकारीला वापरतात तसले, ३४० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे कडकपणाचा आकडा, लहान तितका बाण कडक), जाड आणि २९ इंच लांब. आपल्याकडे शिकारीला बंदीच, आम्हाला ५० मीटरचं टार्गेट मारायचंय. तीस मीटरपर्यंत ठीक. पुढे साइट (नेम धरायची सरकती खूण) पार खाली टेकते. जवळून कागदावर मारून पाहिलं तर पिसांकडची बाजू दीड इंच आडवी फाडत जाते. म्हणजे बाण फार कडक आहे, असं मला वाटतं. की रेस्ट (बाण टेकवायचा आधार) सरकवून बघू?

५०० स्पाइन घ्यावा की ६००? पॉइंट, म्हणजे बाणाचं टोक, १०० ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) चालेल का? फार हलका बाण नको, धनुष्याच्या ओढीच्या दर पौंडाला बाणाचे निदान पाच ग्रेन हवेतच, एवढं ठाऊक आहे. आणि बाण आत्ता किती लांब कापावेत? पोरगी अजून उंच होतेय.

एका बाणाला बारीक चीर दिसली, तो लगेच मोडून टाकला. उरलेले रोज वाकवून, कानाशी धरून, तडकल्याचा आवाज येतो का ते तपासतो. जिल्हा स्पर्धा तोंडावर आहे, जाणकारांनी कृपया सांगा.