मदत हवी आहे: डेल्टा जी नॉट धन, तरी नळी पुन्हा तपकिरी कशी झाली?

नमस्कार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऊष्मागतिकीतली एक गोष्ट दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

प्रयोगशाळेत नायट्रोजन डायऑक्साइड भरून बंद केलेली काचेची नळी होती. बर्फात बुडवली की तिचा रंग उतरत गेला आणि शेवटी अगदी फिकट पिवळी छटा उरली. तपकिरी रेणू दोन-दोन जोडले जाऊन रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार होतो, इथवर समजलं. मग नळी बाहेर काढून नुसती स्टँडवर ठेवली, गरम पाण्यात घातलीच नाही. तरी बघता बघता आधी काठाशी आणि मग आतपर्यंत तपकिरी रंग परत आला. म्हणजे खोलीच्या तापमानाला टेट्रॉक्साइड आपणहून फुटला.

घरी येऊन आकडे मांडले. एक मोल टेट्रॉक्साइड फुटून दोन मोल डायऑक्साइड होताना एन्थाल्पी (स्थिर दाबाला शोषलेल्या उष्णतेचा हिशेब) ५७.२ किलोज्यूलने वाढते, एन्ट्रॉपी (विस्कळीतपणाचं माप) १७५.८ ज्यूल प्रति केल्विनने. २९८ केल्विनला टी गुणिले डेल्टा एस, म्हणजे तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल, येतं ५२.४ किलोज्यूल. एन्थाल्पीतून ते वजा केलं की डेल्टा जी नॉट, म्हणजे मुक्त ऊर्जेतला बदल, +४.८. धन!

वहीत तर लिहिलंय, डेल्टा जी ऋण असेल तर अभिक्रिया उत्स्फूर्त, धन असेल तर नाही. ज्यूल-किलोज्यूलचा घोळ तीनदा तपासला. चिन्ह ऋण व्हायला सुमारे ३२५ केल्विन, म्हणजे ५२ अंश सेल्सिअस लागतात, आणि नळी तिथवर गेलीच नव्हती.

हिरा आणि ग्राफाइटचं उदाहरण मला माहीत आहे. तिथे डेल्टा जी नॉट उणे २.९ असूनही हिरा तसाच राहतो, कारण वेग जवळजवळ शून्य. माझी अडचण नेमकी उलटी आहे. इथे चिन्ह नाही म्हणतंय आणि अभिक्रिया डोळ्यांसमोर होतेय. कृपया कुणीतरी नीट समजावून सांगा, नुसतं सूत्र नको.

प्रतिसाद १

गणित बरोबर आहे. पण वहीतल्या नियमात ‘डेल्टा जी’ आहे आणि तुम्ही काढलाय ‘डेल्टा जी नॉट’. त्या ‘नॉट’चा अर्थ असा की दोन्ही वायू आपापल्या प्रमाण अवस्थेत, म्हणजे प्रत्येकी १ बार दाबाला आहेत. तुमच्या नळीत तशी स्थिती नव्हती. बर्फातून काढली तेव्हा टेट्रॉक्साइड भरपूर आणि डायऑक्साइड अगदी थोडा होता. त्या क्षणाचा डेल्टा जी काढायला डेल्टा जी नॉटमध्ये आरटी एलएन क्यू (वायू स्थिरांक गुणिले तापमान गुणिले क्यूचा नैसर्गिक लॉगरिदम) मिळवावं लागतं. क्यू म्हणजे डायऑक्साइडच्या दाबाचा वर्ग भागिले टेट्रॉक्साइडचा दाब, दोन्ही बारमध्ये. ०.०१ आणि १ बार धरून करून बघा.

धागाकर्ती

केलं! क्यू ०.०००१. आरटी म्हणजे २.४८ किलोज्यूल, म्हणून ती संख्या उणे २२.८ आली. ४.८ मिळवल्यावर डेल्टा जी उणे १८. चिन्ह एकदम पालटलं. मनापासून आभार.

पण मग डायऑक्साइड जवळजवळ नसेल तर डेल्टा जी नॉट कितीही धन असला तरी अभिक्रिया थोडी तरी पुढे सरकणारच? आणि ती मध्येच थांबते का? सूत्र पटतंय, चित्र दिसत नाहीये.

प्रतिसाद २

हो, थोडी तरी सरकणारच. पहिल्या प्रश्नापेक्षा मला हा जास्त मोलाचा वाटतो.

मुक्त ऊर्जा हा खरं तर एन्ट्रॉपीचाच हिशेब आहे. तापमान आणि दाब स्थिर असताना डेल्टा जीला टीने भागून चिन्ह बदललं की नळी आणि भोवताल मिळून एकूण एन्ट्रॉपी किती बदलली ते कळतं. टेट्रॉक्साइड फुटताना भोवतालातून उष्णता घेतो, म्हणून भोवतालची एन्ट्रॉपी घटते. एकाचे दोन रेणू झाल्याने नळीतली वाढते. फक्त या दोनच बाबी प्रमाण अवस्थेत मोजल्या, तर २९८ केल्विनला घट थोडी जास्त भरते. तुमचे +४.८ तिथून आले.

पण +४.८ हा हिशेब शुद्ध टेट्रॉक्साइडपासून शुद्ध डायऑक्साइडपर्यंतचा, दोन टोकांमधला आहे. वाटेत दोन्ही वायू मिसळलेले असतात आणि मिसळण्याची एन्ट्रॉपी वेगळी मिळते. निव्वळ टेट्रॉक्साइडमध्ये डायऑक्साइडचे पहिले थोडे रेणू आले की ही वाढ सगळ्यात तीव्र असते. म्हणून मुक्त ऊर्जेचा आलेख दोन टोकांमध्ये सरळ रेघ नसतो. तो दोऱ्यासारखा मधे झोळ खातो. डावं टोक (शुद्ध टेट्रॉक्साइड) उजव्यापेक्षा ४.८ ने खाली असलं, तरी झोळाचा तळ त्याच्याही खाली असतो. अभिक्रिया त्या तळाशी थांबते, तिथे डेल्टा जी शून्य होतो. तोच समतोल.

तळ कुठे आहे हे डेल्टा जी नॉट सांगतो. उणे ४.८ भागिले २.४८ करून ई चा तो घात काढला की समतोल स्थिरांक, म्हणजे समतोलाच्या वेळची क्यूची किंमत, ०.१४ मिळतो. एकूण दाब १ बार धरला तर साधारण १९ टक्के टेट्रॉक्साइड फुटलेला असतो. तेवढा डायऑक्साइड नळी तपकिरी दिसायला भरपूर आहे.

धागाकर्ती

झोळाचं चित्र पक्कं बसलं. ८० अंशांसाठी पण काढलं: ३५३ केल्विनला डेल्टा जी नॉट सुमारे उणे ४.९, स्थिरांक पाचच्या पुढे. म्हणजे गरम पाण्यात नळी गडद होते तेव्हा झोळाचा तळ उजवीकडे सरकलेला असतो. बरोबर ना?

प्रतिसाद २

अगदी बरोबर. फक्त टक्केवारी काढताना १ बार धरू नका. नळी बंद आहे, तापवल्यावर आतला दाब वाढतो आणि त्यामुळे फुटण्याचं प्रमाण थोडं मागे रेटलं जातं. त्या तापमानाचा स्थिरांक मात्र दाबाने बदलत नाही, तोच राहतो.