पेठांमधला चषक सामना: नेरूळहून दहा वर्षांच्या मुलीला घेऊन कोल्हापूरला जायचे आहे

नेरूळकर (प्रश्न)

नमस्कार. आमचे घर नेरूळला, डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमपासून पायी वीस मिनिटांवर आहे आणि फुटबॉलची जी काही गोडी मला लागली, ती तिथल्याच गॅलरीत लागली. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी मुंबई सिटीने एफसी पुणे सिटीला ५-० असे हरवले आणि आंद्रे मोरिट्झने इंडियन सुपर लीगमधली पहिली हॅटट्रिक केली, तेव्हा मी तिथे होतो. शेजारच्या दोन शहरांची लढत म्हणून मी मोठ्या अपेक्षेने गेलो होतो. परंतु माझ्या आजूबाजूला पुण्याच्या पराभवाने हळहळणारा एकही माणूस नव्हता, त्यामुळे जिंकल्याचा आनंदही अर्धाच वाटला. पुढे मुंबई सिटीचे सामने अंधेरीला गेले, २०१९ मध्ये पुण्याचा तो क्लब बंद झाला आणि ती चुरस रुजण्याआधीच संपली.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आमच्या याच स्टेडियममध्ये झाला आणि स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. तो तिने प्रत्यक्ष पाहिलेला पहिला सामना. तेव्हापासून ती सेक्टरच्या मैदानात मुलांबरोबर खेळते. गेल्या महिन्यात घरी आलेल्या एका सहकाऱ्याने मोबाइलवर कोल्हापूरच्या चषक स्पर्धेतला दोन पेठांचा सामना लावला होता. हलगीचा कडकडाट ऐकून ती शेजारी येऊन बसली आणि सामना संपेपर्यंत उठली नाही. नंतर तिने विचारले, “बाबा, ही सगळी माणसे एकाच गावातली आहेत ना? मग एकमेकांवर इतकी का चिडतात?” मला नीट उत्तर देता आले नाही.

असा सामना तिला प्रत्यक्ष दाखवायचा आहे. कोल्हापुरात आमचे कोणी नातेवाईक नाहीत आणि कोणत्याही पेठेशी आमचा संबंध नाही. लहान मुलीला घेऊन शाहू स्टेडियममध्ये कुठे बसावे, दोघांपैकी कोणाचीच बाजू न घेता तिथे बसणे शोभते का, आणि चषकाचे वेळापत्रक आधी ठाऊक नसताना प्रवास कसा ठरवावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मंगळवार पेठ ते कोपरखैरणे

दादा, माझा जन्म मंगळवार पेठेतला. वडील माथाडी कामगार म्हणून वाशीच्या बाजारात आले आणि आम्ही कोपरखैरण्याचे झालो. तरी हंगाम सुरू झाला की आमच्या चाळीत अजूनही दोन गट पडतात आणि सामना संपेपर्यंत ते वेगवेगळ्या मोबाइलवर तोच सामना पाहतात.

आधी आपल्या लेकीच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण बाकीचे सगळे त्यातच आले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही संघांची नावेच पाहा. या मुळात कुस्तीच्या तालमी आहेत. पोरगा व्यायामाला तिथे जायचा, गणपती तिथे बसायचा, लग्नकार्याला माणसे तिथून यायची आणि फुटबॉलचा संघही त्याच दारातून मैदानावर उतरला. त्यामुळे कोल्हापुरात संघ निवडावा लागत नाही, तो आडनावासारखा मिळतो. आता समोरच्या पेठेत कोण राहते, तर आपल्याच वर्गातला मित्र, बहिणीचे सासर, आपल्याला दूध घालणारा गवळी. लांबच्या माणसाकडून हरलो तर दोन दिवसांत विसरता येते. पण ज्याच्याशी दुसऱ्या दिवशी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गाठ पडणार आहे, त्याच्याकडून हरणे वर्षभर पुरते. केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमध्ये निदान गुणांचा हिशेब असतो आणि पुढच्या सामन्यात भरपाई करता येते. चषक बाद पद्धतीचा, म्हणजे शेजाऱ्याकडून हरलो की हलग्या गुंडाळून घरी.

बसण्याविषयी माझे स्पष्ट मत असे की कोणत्यातरी एका पेठेच्या माणसांजवळ बसावे. मधल्या जागेवरून खेळ दिसेल, पण ज्यासाठी आपण सुमारे साडेतीनशे किलोमीटर जाणार आहात ते दिसणार नाही. मात्र हलगी आणि घुमके वाजते त्याच्या अगदी मध्यात बसू नये, लहान मुलांना तो आवाज सोसत नाही. दोन्ही संघांच्या जर्सीचे रंग आधी विचारून घ्यावेत आणि त्यांपैकी कोणताही रंग लेकीच्या अंगावर नसावा.

वेळापत्रकाचे म्हणाल तर हंगाम थंडीत सुरू होतो आणि पावसाळ्याआधी आटोपतो. लीगनंतर चषक स्पर्धा एकापाठोपाठ एक येतात. उपांत्यपूर्व सामने संपेपर्यंत पुढे कोणाची गाठ कोणाशी पडणार हे कळत नाही, म्हणून शनिवार-रविवारची सुट्टी मोकळी ठेवावी आणि वर्तमानपत्राच्या कोल्हापूर आवृत्तीतले क्रीडा पान रोज पाहावे.

आणखी एक गोष्ट लेकीला जरूर सांगा. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच मुलगा. आपल्या नेरूळला त्या स्पर्धेचा उपांत्य सामना झाला, पण भारताचे सामने दिल्लीत होते, म्हणून तो आपल्याला इथे दिसला नाही.

माहेर शिवाजी पेठ, सासर ठाणे

वरच्या दादांचे तालमीविषयीचे म्हणणे शब्दशः खरे आहे. बसण्याच्या सल्ल्याशी मात्र मी सहमत नाही आणि एका मुलीच्या नजरेतून तो दिवस कसा असतो, हे सांगणे मला आवश्यक वाटते.

मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून वडील मला शाहू स्टेडियमवर नेत असत. आमच्या रांगेत बहुधा मी एकटीच मुलगी असे. मे महिन्याच्या उन्हात वडील छत्री माझ्यावर धरत आणि स्वतः उन्हात बसत. सामना तापला की शिव्या सुरू होत आणि ते दोन्ही हातांनी माझे कान झाकत. मग छत्री मला धरावी लागे. मला तो खेळ मनापासून आवडला तो त्यांच्यामुळे, परंतु कितीतरी गोल मी कान झाकलेल्या अवस्थेत पाहिले, हेही तितकेच खरे आहे. आज मुली आणि बायका पूर्वीपेक्षा जास्त येतात, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते. तरीही ईर्ष्येच्या सामन्यात जीभ सैल सुटते, आणि मैदानात व मैदानाबाहेर वाद झालेले सर्वांना ठाऊक आहेत. ज्यांना त्या पेठेचे प्रेम जन्मापासून मिळालेले नाही, त्यांनी त्या रागाच्या वाटेत मुलीला बसवू नये. कुटुंबे आणि वयस्कर माणसे बसलेली दिसतील, तिथे जागा धरावी. लवकर जावे, कारण चुरशीच्या सामन्याला चांगली जागा दुपारीच भरते.

बाजू न घेता बसणे शोभते का, असे आपण विचारले आहे. अवश्य शोभते. कोल्हापूरचा प्रेक्षक खेळ ओळखतो. दुसऱ्या पेठेच्या पोराने दोघांना चकवून चेंडू काढला तर ओठ मिटलेले असतात, पण मान हलतेच. मुलीला मनातल्या मनात एक संघ निवडू द्यावा आणि तो तिने सामना संपेपर्यंत कोणाला सांगू नये. हा खेळ माझ्या मुलालाही फार आवडला होता.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. शिट्टी वाजताच दाराकडे धावू नये. जिंकलेल्या पेठेची माणसे गुलाल उधळत आणि हलगी वाजवत बाहेर पडतात, हरलेली माणसे त्याच दाराने निघालेली असतात, आणि लहान मुले चेंगरण्याची भीती नेमकी त्या दहा-पंधरा मिनिटांत असते. जागेवर बसून पाणी प्यावे, गर्दी पांगू द्यावी, मग उठावे.

निवृत्त पंच, वाशी

जागेविषयी पंच म्हणून थोडे सांगतो. शक्य असेल तर मध्यरेषेच्या आसपास बसा. चषकाचा सामना बरोबरीत सुटला की टायब्रेकर होतो, म्हणजे दोन्ही संघ गोलवर पाच-पाच थेट फटके मारतात, आणि हे फटके कोणत्या बाजूच्या गोलवर मारायचे हे पंच नाणे उडवून ठरवतो. तेव्हा एका गोलच्या मागे बसलेल्या प्रेक्षकाच्या वाट्याला सामन्याचा कळसच लांबून येण्याची शक्यता असते. त्यानंतरही बरोबरी राहिली तर सडनडेथ, म्हणजे निकाल लागेपर्यंत एकेक फटका.

मुलगी स्वतः खेळते, म्हणून तिला दोन गोष्टी पाहायला सांगा. पहिली दहा मिनिटे चेंडूपेक्षा पंचाकडे पाहावे. शेजाऱ्यांच्या लढतीत पहिली जोरकस धडक लवकर होते आणि तिच्यावर पंच काय निर्णय देतो, यावर उरलेला सामना कसा खेळला जाणार हे बरेचसे ठरते. दुसरी गोष्ट, टायब्रेकरच्या वेळी गोलरक्षकाचे पाय पाहावेत. फटका बसेपर्यंत निदान एका पावलाचा काही भाग गोलरेषेवर किंवा तिच्या मागे असावा लागतो. मैदानभर आरडाओरडा चाललेला असताना रेषेवर थांबून राहणे किती अवघड असते, हे टीव्हीवर कधीच नीट दिसत नाही.

नेरूळकर

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही गेल्या रविवारी जाऊन आलो. दोन्ही बाजूंची माणसे इथे वाचतात, म्हणून संघांची नावे लिहीत नाही. दोन शेजारच्या पेठांचा उपांत्य सामना होता, एवढेच सांगतो.

शनिवारी रात्री नेरूळच्या एल. पी. पुलाखालून बस पकडली आणि पहाटे कावळा नाक्यावर उतरलो. आंघोळ आटोपून मिसळ खाल्ली. मुलीने कट न घेता नुसता पाव खाल्ला. नंतर खासबागचे कुस्तीचे मैदान पाहिले आणि तिथूनच चालत स्टेडियमकडे गेलो. वाटेत एका तालमीच्या दाराशी आम्ही थांबलो. आत लाल मातीचा हौदा होता आणि भिंतीवर पैलवानांच्या शेजारी फुटबॉल संघांची छायाचित्रे होती. मुलगी बराच वेळ ती पाहत राहिली. आदल्या रात्री बसमध्ये मी तिला पेठा आणि तालमींविषयी समजावून सांगितले होते, ते तिला कळले असावे ते इथे.

बसण्याच्या बाबतीत ताईंचे ऐकले आणि पंच साहेबांचेही, म्हणजे मध्यरेषेजवळ वयस्कर प्रेक्षकांमध्ये बसलो. शेजारी पांढरी टोपी घातलेले एक आजोबा होते. आम्ही नेरूळहून केवळ सामना पाहायला आलो, हे कळल्यावर त्यांनी मुलीला शेंगा दिल्या आणि दोन्ही संघांतल्या एकेका खेळाडूची ओळख करून दिली: हा अमक्याचा नातू, हा सकाळी वर्तमानपत्रे टाकतो, हा आफ्रिकेतून आलेला आहे पण आता आमच्यापेक्षा तिखट खातो. तोपर्यंत मी खेळाडूंना फक्त पाठीवरच्या आकड्यांनी ओळखत आलो होतो. डी. वाय. पाटीलवर मी विश्वचषकाचे सामने पाहिले आहेत, पण मैदानावरचा प्रत्येक मुलगा कोणाचा कोण आहे हे शेजारच्या माणसाला ठाऊक असलेला सामना मी पहिल्यांदाच पाहिला.

खेळ फार सुंदर होता असे म्हणणार नाही. मैदान कोरडे होते, चेंडू उसळत होता आणि पूर्वार्धात दोन्ही संघ हरण्याच्या धास्तीने मागेच राहिले. उत्तरार्धात एक गोल झाला तेव्हा आमच्या डावीकडची सगळी गॅलरी उभी राहिली आणि हलगीचा आवाज छातीत वाजू लागला. सामना संपायला थोडा वेळ असताना कॉर्नरवरून बरोबरी झाली आणि तेच दृश्य उजवीकडे दिसले. दोन्ही वेळा मुलीने माझा हात घट्ट धरला. शिव्या ऐकू आल्या, हे खरे आहे. मी तिचे कान झाकले नाहीत, मात्र हे शब्द आपले नव्हेत, असे तिला एकदा शांतपणे सांगितले.

टायब्रेकर दोन्हींपैकी थोड्या लांबच्या गोलवर झाला असता तरी आम्हाला दिसलाच असता, पण नाणेफेकीने थोडा जवळचा गोल मिळाला. पाचव्या फटक्याच्या वेळी गोलरक्षक खरोखरच रेषेवर थांबून राहिला आणि त्याने चेंडू अडवला. मुलगी ओरडली, “पाय बघा, पाय!” आजोबांचा संघ हरला होता. ते काही न बोलता उठले, टोपी काढून झटकली, पुन्हा घातली आणि जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. गुलाल पांगेपर्यंत आम्ही वीस मिनिटे बसून राहिलो. तिने मनात निवडलेला संघही आजोबांचाच होता, हे तिने मला तेव्हा सांगितले आणि मग ती रडली.

रात्रीच्या बसमध्ये, कराड मागे पडल्यावर, तिने विचारले की नेरूळ पूर्व आणि नेरूळ पश्चिम अशी लढत आपल्याकडे कोणी भरवते का. मुलामुलींच्या एकत्रित किंवा फक्त मुलींच्या अशा एखाद्या स्थानिक चषक स्पर्धेविषयी कोणाला माहिती असल्यास कृपया इथे कळवावे. तिच्या मैदानावरचे चौदा जण तयार आहेत.