मदत हवी आहे: झुकझुक गाडीतून भरीतघराची मागची बाजू दिसते

राम राम मंडळी. यावलजवळ आमच्या शेतात छोटं मनोरंजन उद्यान उभं करतोय. ट्रॅक्टरला डबे जोडून पोरांसाठी गाडी केली. चाचणीत भाची म्हणे, "मामा, ते काय जळतंय?" बघतो तर भरीतघराची (वांगी भाजून भरीत करतो त्या जागेची) मागची बाजू! पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) ढीग, वांग्यांची काळी सालं, जनरेटर, खरकट्याचे ड्रम. रस्ता वळवावा तर एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला भाऊबंदांचा बांध (तो विषय नकोच).

कॅलिफोर्नियातल्या १९५५ च्या डिस्नेलँडभोवती बाहेरचं दिसू नये म्हणून मातीचा उंच बांध आहे, आगगाडी त्यावरूनच फिरते. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या उद्यानात कामगारांच्या ये-जा करण्याचे बोगदे आधी जमिनीवर बांधून वर उद्यान रचलं, कारण खाली लगेच पाणी लागतं. आपल्याला बोगदे कुठले परवडणार! बांध घालावा तर आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात ढासळते.

केळीला वाऱ्याच्या आडोशाला लावतो तशी शेवरी दाट लावली तर भागेल का? की बांबू बरा? धूर मात्र झाडांनी थांबणार नाही, त्याचं काय करावं? दिवाळीला सुरू करायचंय. कुणी असं काही केलं असेल तर सांगा भाऊ.